सर्वांत कमी दराची निविदा बाद करून दुसऱ्याला काम देता येतं का?

प्रश्न असा आहे: नगरपरिषदेने काँक्रीट रस्ता आणि गटाराच्या ६० लाखांच्या कामाची ई-निविदा काढली. पाच निविदा आल्या. त्यातली सर्वांत खालची २७ टक्के बिलो (म्हणजे अंदाजित किमतीपेक्षा २७ टक्के कमी) होती, ती बाद झाली आणि काम ४ टक्के बिलोवाल्याला मिळालं. हे नियमात बसतं का? बसत असेल तर स्पर्धात्मक निविदा काढायचीच कशाला?

बसू शकतं. पण कुठल्या टप्प्यावर आणि कुठल्या कारणाने बाद केलं, हे बघितल्याशिवाय कुणीही हो किंवा नाही म्हणू नये. रक्कम किरकोळ नाही. २७ टक्के बिलो म्हणजे ४३ लाख ८० हजार, ४ टक्के बिलो म्हणजे ५७ लाख ६० हजार. मधल्या १३ लाख ८० हजारांचं कारण फाईलवर लिहिलेलं असायलाच हवं.

सुरुवात या २७ च्या आकड्यापासूनच करू. हा तुम्हाला कळला कसा? दोन लिफाफा पद्धतीत पहिला लिफाफा तांत्रिक कागदपत्रांचा आणि दुसरा दराचा. पहिल्यात जो नापास होतो त्याचा दुसरा लिफाफा उघडायचाच नसतो. पोर्टलवर तो बंदच राहतो. तेव्हा २७ चा आकडा तुलनात्मक तक्त्यात आला असेल, तर तो ठेकेदार कागदपत्रांत पास झालेला होता. नंतर ‘अनुभवाचा दाखला जोडलेला नव्हता’ असं कारण लिहिलं असेल, तर दाखला पाहायची वेळ आधीच होऊन गेली होती, आणि ज्यांनी त्याला पात्र ठरवलं त्यांच्या सह्या तांत्रिक मूल्यमापन अहवालावर आहेत. उलट, आकडा फक्त बाजारात ऐकलेला असेल आणि लिफाफा उघडलाच नसेल, तर २७ टक्के ही त्या ठेकेदाराची सांगी आहे. तिच्यावर तक्रार उभी करू नका.

दर उघडल्यावरही बाद करायला रास्त कारणं असतात, पण ती मोजकी आहेत. दरासोबत स्वतःची अट घातलेली निघाली. जोडलेला दाखला किंवा बँक हमी पडताळणीत खोटी निघाली. फार कमी दरासाठी मागितलेली जादा सुरक्षा ठेव मुदतीत भरली नाही. किंवा दर कसा परवडतो याचं विश्लेषण मागूनही दिलं नाही. याखेरीजचं कारण दिसलं तर सावध व्हा. इथे एक फरक फार महत्त्वाचा आहे. सर्वांत कमी निविदा अटीत न बसल्यामुळे बाद झाली, तर उरलेल्यांतली सर्वांत कमी ती न्यूनतम ठरते. पण न्यूनतम ठेकेदाराने स्वतःच माघार घेतली, तर दुसऱ्याला त्याच्या चढ्या दराने काम देणं हा सरळ मार्ग नव्हे. केंद्रीय दक्षता आयोगाच्या ३ मार्च २००७ च्या परिपत्रकात अशा वेळी फेरनिविदा काढायला सांगितलं आहे. ते परिपत्रक नगरपरिषदेवर थेट बंधनकारक नाही, पण लेखापरीक्षक याच तर्काने आक्षेप घेतो. काही निविदांत ‘पहिल्याने माघार घेतल्यास दुसऱ्याला पहिल्याच्या दराने विचारता येईल’ अशी अट असते. ती आधी छापलेली असेल तरच वापरता येते.

या सगळ्या व्यवहाराचं मर्म तेच आहे. लिफाफा उघडेपर्यंत जवळपास सगळं बदलता येतं: अटी, परिमाणं, मुदत, अगदी निविदाच रद्द करता येते. उघडल्यानंतर मात्र छापलेल्या कागदाबाहेर कुणालाच जाता येत नाही, ना कार्यालयाला ना ठेकेदाराला. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवरून झालेल्या रमणा शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली हेच सांगितलं: सरकारी संस्थेने पात्रतेचा जो निकष स्वतः जाहीर केला, त्याला तिनेच चिकटून राहायचं. पटेल इंजिनिअरिंग प्रकरणात, २००१ साली, ठेकेदारांनी दर भरताना संगणकीय चूक झाली म्हणून ती दुरुस्त करू द्या अशी मागणी केली. न्यायालयाने नाही म्हटलं. नियम दोन्ही बाजूंनी कापतो.

मात्र प्रत्येक अट सारख्या वजनाची नसते. पोद्दार स्टील प्रकरणात (१९९१) बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबतची अनामत, रोख किंवा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने भरायची होती; एकाने दुसऱ्या बँकेचा, बँकेनेच प्रमाणित केलेला धनादेश दिला. पैसे सुरक्षित होते, म्हणून ती त्रुटी गौण मानता येते असं न्यायालय म्हणालं. बयाणा रक्कम भरलीच नाही, तर ती मूळ अटीचीच त्रुटी. पॅनकार्डाची प्रत पुसट आहे, ही गौण. गौण त्रुटीवर खुलासा मागता येतो, पण मग तो सर्वांनाच मागायला हवा. एकाला फोन करून कागद मागवायचा आणि दुसऱ्याला त्याच त्रुटीवर बाद करायचं, ही सर्वांत जास्त दिसणारी आणि सहज सिद्ध होणारी गडबड आहे. पाचही निविदाधारकांच्या छाननीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून वाचा, दहा मिनिटांत दिसते.

आता निविदा निघण्याआधीच्या भागाकडे, कारण बहुतेक खेळ तिथेच होतो आणि तिकडे कुणी बघत नाही.

कामाचा क्रम असा असतो: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निधीची उपलब्धता, मग निविदा. खेळाची पहिली जागा अंदाजपत्रक. ते दरसूचीवर, म्हणजे सरकारी दरांच्या यादीवर, बनतं. दर सूचीतले असले तरी फुगवायला दोन वाटा उरतात. एक म्हणजे परिमाण: खोदाईत कठीण खडक जास्त दाखवायचा, भराव वाढवायचा. दुसरी म्हणजे लीड, अर्थात खाणीपासून कामापर्यंतचं वाहतुकीचं अंतर. खडी १२ किलोमीटरवर मिळत असताना लीडच्या तक्त्यात ४० किलोमीटर लिहिलं की खडी, वाळू, मुरूम असलेली प्रत्येक बाब महाग होते, आणि गोषवाऱ्यात ते कुठेच वेगळं दिसत नाही. म्हणून २७ टक्के बिलो दर आला की पहिला प्रश्न ठेकेदाराला नाही, अंदाजपत्रकाला विचारावा. पाचपैकी चार जण वीस टक्क्यांच्या पुढे बिलो गेले असतील, तर दोष बहुधा अंदाजपत्रकातच आहे. एकटाच २७ वर आणि बाकीचे २ ते ५ च्या दरम्यान असतील, तर दोन शक्यता राहतात: तो एकटा वेडा आहे, किंवा बाकीचे चौघे एकमेकांना ओळखतात.

खेळाची दुसरी जागा म्हणजे तुकडे पाडणं. एका रस्त्याचे ‘चौक ते शाळा’, ‘शाळा ते मंदिर’ असे भाग करून प्रत्येक भाग ई-निविदा जिथून सक्तीची होते त्या मर्यादेखाली आणायचा. मर्यादेचा आकडा शासन निर्णयाने बदलत आला आहे. तीन लाखांचा आकडा बरीच वर्षं सर्वांच्या तोंडी होता. म्हणून कार्यालय जो आकडा सांगेल, त्याचा शासन निर्णय क्रमांक आणि दिनांक लेखी मागा. तुकडे ओळखायची खूण सोपी आहे: एकाच दिवसाची तांत्रिक मान्यता, एकच बाबींची यादी, सलग साखळी क्रमांक (रस्त्यावरच्या अंतराचे आकडे). मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी कामवाटप होतं, ते वेगळं; त्याला धोरणाचा आधार आहे. त्याच्या आडून तुकडे पाडणं मात्र धोरणात नाही.

तिसरी जागा पात्रतेच्या अटी. दक्षता आयोगाच्या २००२ च्या निर्देशांत मोजमाप दिलं आहे: मागच्या सात वर्षांत तशाच स्वरूपाची तीन कामं अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची, किंवा दोन ५० टक्क्यांची, किंवा एक ८० टक्क्यांचं, आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल ३० टक्के. ६० लाखांच्या कामाला म्हणजे २४ लाखांची तीन, ३० लाखांची दोन किंवा ४८ लाखांचं एक काम, आणि १८ लाखांची उलाढाल. स्थानिक संस्थेच्या अटी याहून फार कडक असतील तर कारण विचारा. ‘ठेकेदाराचा स्वतःच्या मालकीचा आरएमसी प्लँट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत हवा’ ही अट (आरएमसी म्हणजे तयार काँक्रीट) नकाशावर ठेवून बघा. त्या वर्तुळात एकच प्लँट असेल तर निविदा कुणासाठी काढली ते कळतं. काँक्रीट वेळेत पोचलं पाहिजे ही चिंता खरी आहे, पण त्यासाठी मालकी कशाला, पुरवठादाराचा करार पुरतो.

सर्वांत वाईट अट ‘जागा पाहणी दाखल्या’ची. निविदा भरण्याआधी नगर अभियंत्याकडून जागा पाहिल्याचा सहीचा दाखला घ्यायचा. कोण निविदा भरणार आहे ते त्यामुळे आधीच कार्यालयाला कळतं, कार्यालयाकडून गावाला कळतं, आणि मग फोन सुरू होतात. ई-निविदेत नावं उघडेपर्यंत गुप्त राहावीत यासाठी जी एवढी कुलपं लावली आहेत, ती हा एक कागद काढून टाकतो. ठेकेदाराने ‘जागा पाहिली आहे’ असं स्वतःचं हमीपत्र दिलं की काम भागतं.

निविदा क्षमतेचं, म्हणजे ठेकेदार किती किमतीचं काम घेऊ शकतो याचं, सूत्र पुष्कळ जण चुकतात. प्रचलित रूप असं: अ × न × २, वजा ब. अ म्हणजे मागच्या पाच वर्षांतली एका वर्षाची सर्वाधिक उलाढाल, न म्हणजे कामाची मुदत वर्षांत, ब म्हणजे त्याच मुदतीत हातातल्या कामांचं उरलेलं मूल्य. गुणक खात्यागणिक बदलतो. उलाढाल ९० लाख, मुदत सहा महिने, हातात ३५ लाखांची कामं, तर ९० × ०.५ × २ = ९०, वजा ३५, म्हणजे ५५ लाख. ६० लाखांच्या कामाला हा ठेकेदार अपात्र. मुदत एक वर्ष धरली असती आणि हातातलं मूल्य तेवढंच असतं, तर तोच १४५ लाखांवर जाऊन आरामात पात्र ठरला असता. मुद्दाम मुदत आखूड ठेवून छोट्यांना बाहेर काढता येतं, ते असं.

ठेकेदारांसाठी पोर्टलवरच्या चुका थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच ‘अन्यायां’चं मूळ तिथे असतं. बीओक्यूची, म्हणजे बाबी आणि परिमाणांच्या यादीची, एक्सेल फाईल डाउनलोड केली तीच भरून परत चढवायची. नाव बदललं किंवा सूत्रं हलवली तर ती नाकारली जाते. बी-१ म्हणजे टक्केवारी निविदा. त्यात ‘एक्सेस’ (जास्त) की ‘लेस’ (कमी) हे आधी निवडावं लागतं. तिथे चूक झाली की १२ टक्के बिलोचं १२ टक्के अबोव्ह होतं, आणि पटेल इंजिनिअरिंगनंतर रडून उपयोग नाही. सगळं चढवून झाल्यावर शेवटी ‘फ्रीझ’ दाबायचं. ते राहिलं तर निविदा सादरच झालेली नसते, पोचपावतीही येत नाही. मुदतीच्या आत निविदा बदलून पुन्हा भरता येते, पण ‘विथड्रॉ’ केली तर त्याच निविदेत परत येता येत नाही. घड्याळ सर्व्हरचं धरायचं. शुद्धिपत्रक निघालं असेल तर बीओक्यू बदलला आहे का ते बघायचं. जुन्या फाईलवर भरलेला दर बाद होतो आणि तो रास्तपणे बाद होतो.

आता २७ टक्के बिलो खरंच परवडतं का? केंद्रीय बांधकाम खात्याच्या दरविश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरलेले असतात. तोच हिशेब लावला, तर १०० रुपयांच्या दरात मूळ खर्च सुमारे ८७. २७ बिलो म्हणजे हातात ७३. नफा आणि वरखर्च शून्य धरले तरी खर्चाच्या १६ टक्के तूट. ती भरून निघण्याचे प्रामाणिक मार्ग आहेत: स्वतःची खडी मशीन, शेजारीच चालू असलेलं काम, रिकामी पडलेली यंत्रं, फुगलेलं लीड. अप्रामाणिक मार्गही सर्वांना ठाऊक आहेत. १५० मिलिमीटर जाडीचा काँक्रीट थर १३० मिलिमीटर टाकला की त्या बाबीचं १३ टक्के साहित्य वाचतं. गटाराचं आतलं प्लास्टर तर मातीखाली गेल्यावर कोण बघतो? वरून बिलातून कपात होते ती वेगळी: कामगार कल्याण उपकर १ टक्का, गौण खनिजाचं स्वामित्वधन, सुरक्षा ठेव, आणि करार अडीच लाखांवर असेल तर जीएसटीचा २ टक्के टीडीएस. टीडीएस पुढे वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, आणि कमी दराचं काम बहुतेक पैशाअभावीच अर्ध्यावर थांबतं.

म्हणून जादा सुरक्षा ठेवीची अट असते. समजा निविदेत ‘१० टक्क्यांपलीकडच्या प्रत्येक टक्क्याला निविदा किमतीच्या १ टक्का’ असं छापलं आहे. २७ बिलोला १७ टक्के, म्हणजे १० लाख २० हजार. ही ठेव कधी द्यायची तेही अटीत असतं: कुठे दराच्या लिफाफ्यातच ड्राफ्टची प्रत, कुठे दर उघडल्यावर ठरावीक दिवसांत. तुमच्या प्रकरणात बाद करण्याचं सर्वांत संभाव्य वैध कारण हेच आहे. तपासायचं एवढंच की त्याला लेखी मागणीपत्र गेलं का, कोणत्या तारखेला, आणि मुदत निविदेत छापली होती तेवढीच दिली का. कार्यालयासाठीही एक सूचना: ड्राफ्टची स्कॅन प्रत घेऊन थांबू नका. प्रत चढवून मूळ ड्राफ्ट रद्द करणारे आहेत. बँक हमीची खात्री हमी देणाऱ्या शाखेकडून थेट घ्या, ठेकेदाराने आणून दिलेल्या पत्रावरून नाही.

बी-२, म्हणजे बाबनिहाय दराच्या निविदेत वेगळा धोका आहे. एकूण बेरीज सर्वांत कमी, पण जी बाब वाढणार हे ठेकेदाराला ठाऊक आहे तिचा दर चढा आणि जी होणारच नाही तिचा दर कवडीमोल. कराराच्या कलम ३८ प्रमाणे परिमाण २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तर निविदेतलाच दर मिळतो. त्यापलीकडच्या परिमाणाचा दर चालू दरसूचीवरून निघतो. तेवढ्या २५ टक्क्यांतही पुरेसं साधून जातं. कार्यारंभ आदेशाआधी प्रत्येक बाबीचा दर दरसूचीशी ताडून, फार हललेल्या बाबींची परिमाणं जागेवर पुन्हा मोजणं हा एकच इलाज.

वाटाघाटी फक्त न्यूनतम ठेकेदाराशी, त्याही अपवाद म्हणून, आणि फक्त दर खाली आणण्यासाठी. दुसऱ्या-तिसऱ्याला बोलावून ‘तू किती कमी करतोस’ विचारणं म्हणजे उघडलेल्या निविदेचा लिलाव करणं.

संगनमताबद्दल. बोलीभाषेत याला निविदा ‘मॅनेज’ करणं म्हणतात, आणि सोबतच्या नावापुरत्या निविदांना ‘सपोर्ट’. पहिल्यांदा निविदा मागवताना किमान तीन निविदा हव्यात हा दंडक स्पर्धेसाठी होता. त्याने सपोर्ट भरणाऱ्यांचा धंदा मात्र वाढवला. खुणा कागदावरच असतात: बयाणा रक्कम एकाच खात्यातून किंवा लागोपाठच्या क्रमांकांच्या ड्राफ्टने, एकाच आयपी पत्त्यावरून भरलेल्या निविदा, हमीपत्रांत एकच शुद्धलेखनाची चूक, दोन ‘प्रतिस्पर्ध्यां’ना एकाच सनदी लेखापालाने एकाच दिवशी दिलेला दाखला. दर अर्धा-अर्धा टक्का अंतरावर ठेवलेले असतात. हे स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ३ मध्ये थेट निषिद्ध आहे. २७ बिलोवाला बाहेरचा असेल आणि बाकी चौघांत या खुणा सापडल्या, तर तुमच्या तक्रारीचा विषयच बदलतो.

काय करायचं ते तातडीने करा. पोर्टलवर निविदेच्या स्थितीत तांत्रिक आणि आर्थिक लिफाफ्याचा गोषवारा कुणालाही दिसतो; तो आजच उतरवून ठेवा. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागा: तांत्रिक मूल्यमापन अहवाल, पाचही निविदाधारकांचा छाननी तक्ता, तुलनात्मक तक्ता, सर्व शुद्धिपत्रकं, जादा ठेवीचं मागणीपत्र आणि त्याची पोच, लीडचा तक्ता, स्वीकृतीचा ठराव. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, तोवर कार्यारंभ आदेश निघून खडी पडलेली असू शकते. म्हणून मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी हरकत अर्जाच्याच दिवशी द्या, आणि ठराव बेकायदेशीर वाटत असेल तर महाराष्ट्राच्या नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अर्ज करा. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली जाता येतं. तिथे निर्णय मनमानी किंवा पक्षपाती आहे का आणि सार्वजनिक हिताला बाधा येते का, हे तपासतात. दर कुणाचा बरा होता यावर ते दुसरी छाननी करत नाहीत. आणि उशीर चालत नाही. रमणा शेट्टी खटल्यात कायदा याचिकाकर्त्याच्या बाजूने सांगितला गेला, तरी त्याला दिलासा मिळाला नाही. तो पाच महिन्यांहून अधिक उशिरा आला होता आणि तोवर निविदा मिळालेल्याने उपाहारगृहावर खर्च करून टाकला होता.